क्लच स्लिप होतोय!

आधी एक कबुली देते. या लेखाचं खरं कारण हरिहर किल्ला आहे.

गेल्या डिसेंबरात होस्टेलच्या आम्ही नऊ जणी हरिहरला गेलो होतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तिथून निरगुडपाडा आणि मग चढ. ज्यांनी हरिहर पाहिलेला नाही (नाशिकमध्ये चार वर्षं काढून असे लोक आपल्या कॉलेजात आहेत, थोडी तरी लाज वाटू द्या!) त्यांच्यासाठी सांगते. वरच्या टप्प्यात उभ्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या आहेत, जवळजवळ ८० अंशांच्या. हात धरायला दगडात खोबण्या कोरल्या आहेत. जिना म्हणण्यापेक्षा दगडी शिडीच म्हणा ना.

चढताना काही वाटलं नाही. मी रोज सकाळी ग्राउंडवर पाच किलोमीटर पळते. त्यामुळे 'आपला स्टॅमिना एकदम मस्त' अशी माझी पक्की समजूत होती. गडावर तासभर भटकलो, फोटो काढले, पुऱ्या आणि लोणचं खाल्लं. उतरताना तोंड कड्याकडे करून एकेक पायरी खाली यायचं असतं. गर्दी होती, दर दोन पायऱ्यांवर थांबावं लागत होतं. आणि साधारण मधोमध आल्यावर माझा उजवा हात उघडायला लागला.

दुखत नव्हता. मी 'बंद राहा' म्हणत होते आणि बोटं ऐकत नव्हती, एवढंच. दम शाबूत होता, पाय ताजे होते, आणि तरीही मी पडणार होते. अशा वेळी खाली बघायचं नसतं. मी बघितलं. खालच्या मैत्रिणीनं माझी टाच धरून पायरीच्या खाचेत नीट बसवली आणि म्हणाली, "हात सोड, पायावर उभी राहा." दोन मिनिटं मी दगडाला कपाळ टेकवून तशीच उभी होते. त्या दोन मिनिटांत मी सगळ्या देवांची नावं घेतली, शाळेतल्या प्रेअरसकट.

पायथ्याशी लिंबू सरबत विकणाऱ्या आजी होत्या. माझे लालबुंद तळवे बघून हसल्या. म्हणाल्या, "तुमी पोरी दगडाला लई आवळता. हात नुसता ठेवायचा असतो बाई."

त्या वाक्यानं मला जास्त सतावलं. म्हणजे माझी पकड कमी पडली की मी ती नको तिथे खर्च केली? परत आल्यावर जिमखान्याच्या सरांना विचारलं, लायब्ररीत वाचलं आणि शेवटी शहरातल्या एका जुन्या व्यायामशाळेत चार महिने जाऊन आले. उत्तर असं निघालं की दोन्ही.

आता आपल्या भाषेत बोलू. गाडीचं इंजिन कितीही दमदार असू द्या, क्लच प्लेट घासली असेल तर काय होतं? ॲक्सिलरेटर पिळला की आवाज वाढतो, गाडी मात्र जागच्या जागी. वर्कशॉपमध्ये ड्रिल मशिनची चकची किल्ली नीट आवळली नाही तर मशिन फिरतं, ड्रिल जॉबमध्ये अडकून उभं राहतं आणि सर ओरडतात. खेळाडूचंही तसंच आहे. ताकद पायांत, कमरेत, पाठीत तयार होते. पण ती बॅटला, वल्ह्याला, दोरीला किंवा समोरच्या पैलवानाला पोचते ती पंजातून. शेवटची कडी कच्ची असेल तर मागचं सगळं हॉर्सपॉवर फुकट. आपल्याकडे जिममध्ये येणारे लोक छाती आणि दंड बघतात, कारण आरशात तेच दिसतात. क्लचकडे कोणी बघत नाही.

हात बनवलाय मात्र कमालीचा. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात. तिथून लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, मनगटातून तळव्यात आणि पुढे बोटांच्या टोकापर्यंत जातात. सायकलच्या ब्रेकसारखंच समजा. दाबायचं हँडलवर आणि ब्रेक लागणार चाकावर, मधे केबल. केबल दांड्याला चिकटून राहावी म्हणून जसे क्लॅम्प असतात, तशा बोटांच्या हाडांवर लहान लहान कड्या असतात, त्यांच्यातून या दोऱ्या सरकतात. म्हणून पकड गेली की बोटं नाही दुखत, कोपराखालचा भाग दगडासारखा टणक होतो. हरिहरवर माझं हेच झालं होतं. सतत आवळून धरलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. थांबायचं म्हणून मी जेवढं घट्ट धरत गेले, तेवढा तो लवकर थकत गेला.

एक प्रयोग करून बघा, आत्ता, हा अंक हातात असतानाच. मुठीत पेन्सिल घट्ट धरा. आता मनगट आतल्या बाजूला जेवढं दुमडेल तेवढं दुमडा आणि शेजारच्याला पेन्सिल ओढायला सांगा. सहज निघेल. मग मनगट किंचित मागे झुकवून तेच करा. निघता निघणार नाही. कारण सरळ आहे. मनगट आत दुमडलं की बोटं मिटवणारा स्नायू आधीच आखडलेला असतो, त्याला अजून ओढायला जागा उरत नाही, आणि हाताच्या पाठीमागच्या दोऱ्या ताणल्या जाऊन बोटं उघडायला बघतात. पैलवानांना हे अनॅटॉमी न शिकता माहीत असतं. समोरच्याचं मनगट दुमडलं की त्याची मिठी सैल होते. आणि सुटायचं असेल तर अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा, कारण मुठीच्या एका बाजूला चार बोटं आहेत आणि दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा बिचारा.

नाशिकमध्ये पकडीचा विषय काढला तर दत्तू भोकनळचं नाव घ्यावंच लागतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. वडील विहिरी खोदायचं काम करायचे आणि दत्तूही लहानपणापासून त्यांच्याबरोबर मजुरीला जायचा. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला, तिथे रोइंग शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्स प्रकारात १३वा आला. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये चौघांच्या क्वाड्रुपल स्कल्समध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या टीममध्ये तो होता. चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातला माणूस पाण्यावरच्या खेळात एवढा पुढे गेला, याचं सगळ्यांना नवल वाटतं. मला वाटतं, नवल पाण्याचं आहे, हातांचं नाही. ज्या हातांनी पहार आणि घण धरलेत ते हात दोन वल्ही धरायला तयारच होते, असं मी तरी समजते.

थोडा हिशोब करू. रोइंगची शर्यत २००० मीटरची. सिंगल स्कल्सला साधारण सात मिनिटं धरा आणि मिनिटाला ३२ वल्ही. म्हणजे २२४ वेळा ओढायचं. प्रत्येक वेळी पायांचा आणि पाठीचा सगळा जोर दहा बोटांवर लटकतो. आता कोणी प्रत्येक ओढीला वल्हं कचकचून आवळलं तर काय होईल? दुसऱ्या मिनिटातच त्याचा हरिहर होईल! म्हणून रोइंग शिकवणारे सांगतात की वल्हं मुठीत चिरडायचं नाही, बोटांचा आकडा करून त्याला अडकवायचा आणि पाणी सोडलं की बोटं सैल करायची. पुढच्या ओढीपर्यंतच्या त्या क्षणात स्नायूला रक्त मिळतं. सरबतवाल्या आजी हेच सांगत होत्या ना?

म्हणजे पकडीत दोन गोष्टी आल्या. एक, बोटांत लागेल तेवढा जोर असणं. दुसरी, लागेल तेवढाच वापरणं. दुसरी गोष्ट पहिलीशिवाय जमत नाही, कारण ज्याची कमाल ताकद वीस किलो आहे त्याला पंधरा किलो धरताना जीव खावा लागतो. ज्याची पन्नास आहे तो तेच पंधरा गप्पा मारत धरतो. डिझाइनमध्ये आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतो, तेच हे.

आता मल्लखांब. हा भाग जरा मोठा होणार आहे, संपादकांनी माफ करावं.

मल्लखांब मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना टीव्हीवर. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये बास्केटबॉल होता, मार्चपास्ट होता, मल्लखांब हा शब्दसुद्धा नव्हता. आणि त्याची कथा तर चक्क आपल्या जिल्ह्यातली निघाली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारात हैदराबादहून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले आणि त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं. ते स्वीकारलं बाळंभटदादा देवधरांनी. तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन राहिले आणि तिथे माकडांच्या उड्या पाहून किंवा मारुतीच्या दृष्टांतातून त्यांना लाकडी खांबावरचा व्यायाम सुचला, अशी कथा सांगतात. ऐकाल तशी कथा थोडी बदलते. शेवट मात्र एकच, आव्हान परतवलं गेलं. खांबावरचा व्यायाम त्याआधीही होता, बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पण आज आपण जो मल्लखांब बघतो त्याचं श्रेय बाळंभटदादांना दिलं जातं. मुंबईत २०१९ साली त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही जाता जाता.

व्यायामशाळेत पहिल्या दिवशी मी खांबाला हात लावला आणि हात घसरला. खांबाला एरंडेल लावलेलं! सागवानी किंवा शिसवी लाकूड, आधीच गुळगुळीत, वर तेल. मला वाटलं, नवीन मुलीची फजिती करायला कोणीतरी मुद्दाम केलंय. सर म्हणाले, "तेल नसेल तर कातडी खांबावर राहील आणि तू खाली येशील." मग म्हणाले, "हातानं धरू नकोस. अढी घाल." अढी म्हणजे पायांनी खांबाला घातलेला विळखा. मल्लखांबात शिकायची सुरुवात साध्या अढीपासून.

रूमवर येऊन मी आकडे मांडले. माझं वजन ५५ किलो. उभ्या खांबाला मला नुसत्या घर्षणानं लटकायचंय. घर्षण म्हणजे म्यू गुणिले दाब. म्यू ०.५ धरला तर एकूण दाब हवा ११० किलोचा. तेल लावून म्यू ०.२५ वर आला, असं समजा, की तोच दाब २२० किलो! पंजांनी एवढं दाबणारा माणूस मला माहीत नाही. पण मांड्यांनी, पोटऱ्यांनी, काखेनं, पावलांनी मिळून खांब दाबता येतो. म्हणजे मल्लखांब म्हणजे सगळ्या शरीराची मूठ करणं. म्हणूनच त्या काळी तो पैलवानांसाठी होता. कुस्तीत धरायला कॉलर नसते, बाही नसते. घामानं निसरडं झालेलं अंग धरायचं असतं. तेलकट खांब म्हणजे कधीही न दमणारा, न चिडणारा जोडीदार. (घामाला उपाय म्हणून आखाड्यात पैलवान तळहाताला माती चोळतात, जिम्नॅस्ट पांढरी पावडर लावतात आणि मल्लखांबवाले राळ लावतात. राळ हा शब्द मला सरांनी दोनदा सांगावा लागला.)

दोरीचा मल्लखांब वेगळाच. तिथे दोरी सुती, गाठ एकही नाही. सुरुवातच पायाच्या अंगठ्यानं. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून वर सरकायचं. पहिले आठ दिवस त्या दोन बोटांमधली कातडी सोलून निघाली, चपला घालवत नव्हत्या. मग दोरीचे विळखे मांडीला, कमरेला घालून हात सोडून आसनं करायची. माझ्याहून निम्म्या वयाची मुलगी वर हात जोडून बसलेली बघून मी सरांना विचारलं, हिची पकड कुठे आहे? सर म्हणाले, "विळख्यात."

मेकॅनिक्सचं पुस्तक ज्यांनी परीक्षेनंतर विकलं नसेल त्यांनी बेल्ट फ्रिक्शनचा धडा उघडा. ई घात म्यू थीटा आठवतंय? दोरीचा एक पूर्ण वेढा म्हणजे थीटा दोन पाय. म्यू ०.३ धरला तर एका वेढ्यात ताणाचं गुणोत्तर येतं साधारण ६.६. म्हणजे ५५ किलोच्या मला वेढ्याच्या दुसऱ्या टोकाला फक्त आठ-साडेआठ किलो धरावे लागतील. दोन वेढे घेतले तर गुणोत्तर ४३ आणि धरायचे सव्वा किलो! अंग काही लोखंडी ड्रम नव्हे, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण गंमत कळते. हे गणित मी परीक्षेत केलं होतं आणि मला त्यात पूर्ण मार्क होते. ते माझ्या मांडीलाही लागू आहे हे कळायला दोरीवर चढावं लागलं.

इथेच एक धोक्याची सूचना, आणि ही मी गंमत म्हणून देत नाहीये. गॅदरिंगच्या रस्सीखेचीत दोर सुटू नये म्हणून आपली मुलं दोर पंजाला किंवा मनगटाला गुंडाळून घेतात. कृपया करू नका. एक वेढा सहापट पकड देतो हे खरं, पण म्हणूनच तो हवा तेव्हा सुटत नाही. दोरीच्या मल्लखांबात त्या वेढ्यावर आपलं स्वतःचं वजन असतं. रस्सीखेचीत दोन्हीकडून आठ-आठ जण ओढत असतात आणि मधे तुमची बोटं. अशा प्रकारात लोकांनी बोटं गमावलेली आहेत. दोर दोन्ही तळवे वरच्या बाजूला ठेवून धरायचा, दोन्ही हात जवळ, हात सरळ. जोर पायांचा. सुटला तर सुटला, कप पुढच्या वर्षीही असतो.

कबड्डीवाल्यांसाठी एकच ओळ. घोटा पकडताना एका हाताची मूठ कमी पडते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून कडी केली की चढाईवाल्याला पूर्ण कडी तोडावी लागते. बॅडमिंटन आणि टेबल टेनिसमध्ये उलट, रॅकेट सैल धरायची आणि फटक्याच्या क्षणालाच आवळायची. आमच्या होस्टेलमध्ये बॅडमिंटन खेळणाऱ्या निम्म्या जणी रॅकेट झाडूसारखी धरतात. नावं घेत नाही, मेसमध्ये रोज भेटायचंय.

आता जास्त आवळण्याची दुसरी बाजू. २००४ साली सचिन तेंडुलकरला टेनिस एल्बो झाला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या दोन कसोटींना तो मुकला. टेनिस एल्बोला टेनिस लागत नाही. आपण मूठ आवळतो तेव्हा मनगट आत दुमडू नये म्हणून हाताच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू त्याला मागून धरून ठेवतात. म्हणजे प्रत्येक मुठीला त्यांनाही काम. ते स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडावर एका छोट्याशा जागी चिकटलेले असतात आणि पुन्हापुन्हा ताण आला की ती जागा कुरकुरायला लागते.

हे मला माझ्या रूममेटमुळे कळलं (तिची परवानगी घेऊन लिहितेय). माझं पकडीचं वेड बघून तिनं मेन रोडवरून स्प्रिंगचं ते दाबायचं खेळणं आणलं आणि पहिल्याच दिवसापासून रोज तीनशे वेळा दाबायला लागली. लेक्चरला दाबायची, सिरियल बघताना दाबायची. तिसऱ्या आठवड्यात तिला पाण्याचा तांब्या उचलवेना. सबमिशनच्या दिवसांत तिच्या दोन जर्नल्स मी लिहिल्या. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आणि तिला एक रिटन टेस्ट सोडावी लागली. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्या सावकाश घट्ट होतात. मधल्या काळात स्नायू म्हणतो 'अजून', आणि केबल तुटायला येते. घाई करणाऱ्यांचा घात इथे होतो. मी तिला वेळीच थांबवलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

होस्टेलमध्ये फुकटात काय करता येतं ते आता सांगते. सगळं मी स्वतः केलेलं आहे.

पहिलं, लटकणं. ग्राउंडवरच्या सिंगल बारला दोन्ही हातांनी लटकायचं, खांदे कानाजवळ जाऊ द्यायचे नाहीत. पंधरा-वीस सेकंदांचे तीन वेळा, मधे दोन मिनिटं आराम, आठवड्यातून तीनच दिवस. दर आठवड्याला दोन-चार सेकंद वाढवा. एक मिनिट सहज जमायला लागलं की बारवर जुना टॉवेल टाकून तो धरून लटका, पुन्हा पहिलीत आल्यासारखं वाटेल. होस्टेलच्या छज्ज्याला लटकू नका. एकानं लटकून पाहिलंय, प्लॅस्टर त्याच्याबरोबर खाली आलं.

दुसरं आणि माझं सगळ्यात आवडतं, बादल्या. वीस लिटरची बादली भरली की वीस किलो, वेगळा वजनकाटा नको. दोन हातांत दोन बादल्या, पाठ ताठ, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बादलीची कडी बारीक असते, ती बोटांत रुतते. तिच्यावर पंचा गुंडाळून ती जाड करा. जाड वस्तू धरायला पकड जास्त लागते, शिवाय हात कापत नाही. अर्ध्या बादलीपासून सुरू करा. पाणी सांडलं तर आपणच पुसायचं, नाहीतर मावशी ओरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ते पाणी नंतर कपडे धुवायला वापरा.

तिसरं, चिमटी. एफईचा ड्रॉइंग बोर्ड वरच्या कडेला अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला असा धरून अर्धा मिनिट उभं राहा. ग्राफिक्स सुटलं तरी बोर्ड कामाला येतो! अंगठ्याचा व्यायाम सहसा कोणी करत नाही आणि मघाशी म्हटलं तसं, मूठ सुटते ती अंगठ्याच्या बाजूनंच. बोर्ड पायावर पडू देऊ नका, एवढं बघा.

चौथं, ओली जीन्स पिळणं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मनगटाला याच्यासारखा व्यायाम नाही. आखाड्यात यासाठी मुद्गल फिरवतात. त्यात वजन मुठीपासून लांब असतं, त्यामुळे मोमेंट वाढतो आणि थोड्या वजनातही मनगटाला घाम फुटतो. होस्टेलला मुद्गल नाही, जीन्स भरपूर आहेत.

आणि शेवटी उलटं काम, जे माझ्या रूममेटनं केलं नाही. पाचही बोटांभोवती रबर बँड घालून बोटं उघडायची, पंचवीस-तीस वेळा. किंवा वाळूच्या बादलीत हात खुपसून आत बोटं पसरायची. वाळू सिव्हिलच्या लॅबमधून, विचारून. मिटवणाऱ्या स्नायूंइतकं उघडणाऱ्यांकडेही लक्ष दिलं तर कोपर शांत राहतं. कुठेही टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी बंद. आणि पेपरच्या आदल्या रात्री यातलं काहीही करू नका. तीन तास लिहिणं हा सुद्धा पकडीचाच इव्हेंट आहे.

सर लोक विचारतील, आम्ही काय खेळाडू आहोत का? तर सर, तुमच्यासाठी एक माहिती. 'लॅन्सेट'मध्ये २०१५ साली एक मोठा अभ्यास आला होता. आपला देश धरून १७ देशांतल्या जवळजवळ १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून त्यांच्या तब्येतीवर काही वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांची पकड कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. याचा अर्थ स्प्रिंग दाबली की आयुष्य वाढतं असा नाही. पकड हा मीटर आहे. ती चांगली म्हणजे बाकीचं शरीरही बहुधा चालतंफिरतं आहे. मीटरचा काटा हातानं ढकलून टाकी भरत नाही. पण स्टाफरूममधून खाली येऊन दोन बादल्या उचलायला कोणाचीच ना नसावी.

जानेवारीत मी बारला पहिल्यांदा लटकले तेव्हा २२ सेकंदांत खाली आले होते. या आठवड्यात ७१ झाले. दोरीवर अजून निम्म्यापर्यंतच जाते, अंगठ्याची कातडी आता सोलत नाही. रूममेटचं कोपर बरं झालंय. स्प्रिंगचं खेळणं आता पेपरवेट आहे आणि ती माझ्याबरोबर पाव बादलीपासून सुरुवात करतेय. डिसेंबरात आम्ही पुन्हा हरिहरला जाणार आहोत, त्याच नऊ जणी. तोवर रोज नाही, पण सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री साडेनऊला मुलींच्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या फेऱ्या चालू असतात. यायचं असेल तर बादली आपापली आणावी.